दहावीनंतर कोणती शाखा? पुण्यातल्या आईबाबांसाठी, दोनदा यातून गेलेल्या एका आईकडून

आमच्या घरात दहावी दोनदा झाली. थोरलीची २०२२ मध्ये आणि धाकट्याची २०२५ मध्ये. पहिल्या वेळी आम्ही आधी क्लास लावला, मग शाखा ठरली, मग कॉलेज शोधलं, आणि मुलीला नेमकं काय आवडतं ते सगळ्यात शेवटी कळलं. दुसऱ्या वेळी हाच क्रम उलटा केला. मी पतपेढीत क्लार्क आहे, समुपदेशक वगैरे नाही. पण सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीत निकालाच्या आठवड्यात माझ्याकडे चार-पाच घरांतून तरी विचारणा होते, म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते आहे. मुलगा किंवा मुलगी आठवी-नववीत असेल तर उत्तम. दहावीचा निकाल लागून गेला असेल तर पायरी २ पासून वाचा.

पायरी १. नववीच्या मे महिन्यात एक वही करा

दोनशे पानी वही घ्या आणि तुमच्याकडेच ठेवा, मुलाला दाखवू नका. त्यात एवढंच लिहायचं: कोणी सांगितलेलं नसताना हा काय करत बसतो? "हुशार आहे", "आळशी आहे" असले शेरे नकोत, काय केलं तेवढं लिहा.

धाकट्याच्या वहीत पहिली नोंद मिक्सरची आहे. खालचा कपलर झिजून मिक्सर नुसताच घुरघुरत होता. यांनी नवीन घ्यायचं काढलं. पोराने भांडं उपडं करून स्क्रू काढले, झिजलेला कपलर कागदात बांधला, बसने पासोड्या विठोबापाशी उतरला आणि बुधवार पेठेतून तसाच दुसरा घेऊन आला. संध्याकाळी चटणी वाटून झाली. पहिल्या घटक चाचणीत याच मुलाला विज्ञानात ४० पैकी २१ होते. नुसते मार्क पाहिले असते तर ही मिक्सरची गोष्ट आमच्या हिशेबात आलीच नसती.

उलटंही होतं. गुणपत्रिकेवरची टक्केवारी फसवी असते. राज्य मंडळाच्या दहावीला सहा विषयांपैकी सर्वाधिक गुणांचे पाच धरले जातात, म्हणजे ६०० ऐवजी ५०० पैकी. एखाद्याला ९१ टक्के दिसतात, पण गणितात ६४ असतात आणि ते मोजलेच गेलेले नसतात. त्यातही गणित आणि विज्ञानात २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे किंवा प्रात्यक्षिकाचे, आणि ते शाळा सहसा सढळ हाताने देतात. म्हणून टक्के बाजूला ठेवा आणि सराव परीक्षांचे तपासलेले पेपर घेऊन बसा. बीजगणितात गुण कुठे गेले, भूमितीत कुठे गेले, मुलाने कोणता प्रश्न सोडवायलाच घेतला नाही, ते पाहा.

पायरी २. उलटं चालत या

माझ्या मते हीच पायरी खरी. "सायन्स की कॉमर्स" इथून सुरुवात करायचीच नाही. मुलाला करावीशी वाटणारी तीन-चार कामं लिहा आणि प्रत्येकाच्या शिक्षणाला बारावीत कोणते विषय सक्तीचे आहेत ते पाहत मागे या. पुण्यात नेहमी विचारलं जातं ते असं:

- इंजिनिअरिंग: फिजिक्स आणि मॅथ्स हवंच. राज्यातल्या कॉलेजांसाठी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गट. पेपर २०० गुणांचा, त्यातले १०० एकट्या गणिताचे. गणित आवडत नसताना "कॉम्प्युटरला कुठे गणित लागतं" म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.
- डॉक्टरकी: फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि नीट ही देशभराची प्रवेश परीक्षा. ७२० गुणांपैकी निम्मे बायोलॉजीचे. बारावीला गणित लागत नाही.
- फार्मसी: फिजिक्स-केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायोलॉजी, दोन्हीपैकी एक चालतं.
- आर्किटेक्चर: गणित हवं, शिवाय नाटा ही वेगळी परीक्षा. नुसतं चित्र चांगलं असून भागत नाही.
- एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी): खडकवासल्याला जायचं असेल तर लष्करासाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स हवं. मुलींनाही ही परीक्षा देता येते, अजूनही काही आज्यांना हे माहीत नसतं.
- सीए, पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम, अर्थशास्त्र, मानसशास्त्र, पत्रकारिता, डिझाइन: कोणत्याही शाखेतून जाता येतं.

आता दिरांचं वाक्य. प्रत्येक घरात एक काका असतात आणि ते म्हणतात, "सायन्स घे, सगळी दारं उघडी राहतात. सायन्समधून कॉमर्सला जाता येतं, कॉमर्समधून सायन्सला नाही." यातला दुसरा भाग बरोबर आहे, आणि म्हणूनच पहिला भाग खपून जातो. थोरलीला आम्ही याच वाक्यावर सायन्सला घातलं. दोन वर्षं ती रेटत राहिली आणि बारावीला ५७ टक्के पडले. मग बीकॉमसाठी शहरातल्या नावाजलेल्या कॉलेजांच्या याद्या पाहिल्या, तर त्या तिच्या कितीतरी वर बंद झालेल्या. ती कॉमर्सला असती आणि मन लावून शिकली असती तर त्याच यादीत आली असती. दार उघडं होतं, पण तिथपर्यंत पोचायला लागणारे टक्केच आम्ही घालवून बसलो होतो.

पुढे तिने सीए फाउंडेशन, म्हणजे सीएची पहिली परीक्षा, दिली. त्यात चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि एकूण सरासरी ५० टक्के लागतात. बाजूला बसणारी मुलं डेबिट-क्रेडिट अकरावीतच गिरवून आलेली. ही जेवणाच्या टेबलावर माझ्या पतपेढीच्या जुन्या व्हाउचरांवर जर्नल एंट्री लिहायला शिकली. ती पास झाली. पण तिचं त्या व्हाउचरांशी जमतं हे मला दहावीतच दिसायला हवं होतं: सोसायटीच्या वार्षिक सभेचा ताळेबंद अख्ख्या इमारतीत तिने एकटीने पूर्ण वाचला होता आणि लिफ्टच्या देखभालीचा खर्च दोनदा का लावलाय ते सेक्रेटरीकाकांना विचारलं होतं. तेव्हा आम्हाला ते आगाऊपणाचं वाटलं.

थोडक्यात, सायन्स जरूर घ्या, पण त्यातलं काहीतरी हवं असेल म्हणून. निर्णय पुढे ढकलायचा म्हणून नको.

पायरी ३. काम जवळून दाखवा

"आयटीत जायचंय" म्हणणाऱ्या दहा मुलांपैकी एकानेही हिंजवडीत माणूस दिवसभर बसून नेमकं काय करतो ते पाहिलेलं नसतं. पुण्यात राहण्याचा एक फायदा असा की पाहायला पैसे लागत नाहीत.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या आसपास आयुका ही खगोलशास्त्राची संस्था, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी दुर्बीण सर्वसामान्यांसाठी खुली असते. संशोधन करायचं म्हणणाऱ्याला तिथे न्या आणि तिथल्या पीएचडीच्या मुलांशी बोलू द्या, "किती वर्षं लागतात, महिन्याला काय मिळतं" हेही विचारू द्या. वकील व्हायचंय? शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात खुल्या सुनावणीला मागे शांत बसता येतं. टीव्हीवरचा वकील आणि पुढची तारीख मागणारा वकील यांतला फरक अर्ध्या तासात कळतो. इतिहास-पुरातत्त्वाची आवड असेल तर येरवड्याच्या डेक्कन कॉलेजचं संग्रहालय आहे. १८२१ पासूनची ही संस्था असल्या विषयांसाठी देशभर ओळखली जाते, आणि आपण रोज तिच्यावरून गाडीने जातो.

बाकी कामांसाठी नात्यागोत्यातला माणूस गाठा. धाकट्याला आम्ही माझ्या मावसभावाच्या भोसरीतल्या वर्कशॉपमध्ये पाच दिवस पाठवलं. मावसभावाला बजावलं होतं, "लाड करू नकोस, झाडू मारायला लाव." पाचव्या दिवशी पोरगा हाताला ग्रीस, चेहरा खुललेला असा घरी आला आणि व्हर्नियर कॅलिपरने माझ्या बांगडीची जाडी मोजत बसला. शेजारच्या मुलीचं उलट झालं. डॉक्टर मावशीबरोबर दोन दिवस ओपीडीत बसून आली आणि म्हणाली, "काकू, मला लोकांची दुखणी दिवसभर ऐकता येणार नाहीत." हे दोन दिवसांत कळलं, नीटच्या दोन वर्षांनंतर नाही.

पायरी ४. कलचाचणी: करा, पण पूजा करू नका

पुण्यात अभिक्षमता आणि कल तपासणाऱ्या चाचण्या बऱ्याच ठिकाणी होतात. सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनीचं या क्षेत्रातलं काम जुनं आहे. चाचणीनंतर तज्ज्ञ मुलाशी आणि तुमच्याशी समोरासमोर बसून बोलणार असतील तरच पैसे भरा. नुसता रंगीत अहवाल हातात देणार असतील तर राहू द्या.

बोटांचे ठसे घेऊन "मेंदूचा कोणता भाग प्रबळ" सांगणाऱ्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. आमच्या सोसायटीत एकांनी केली. अहवालात मुलगा डॉक्टर, वैमानिक आणि संगीतकार या तिन्हीला योग्य निघाला!

पायरी ५. अकरावी हा एकमेव रस्ता नाही

डिप्लोमा म्हटलं की नातेवाईक आवाज खाली आणतात. आणू देत. दहावीनंतर तीन वर्षांचा तंत्रनिकेतनचा डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे वर्षांचा हिशेब बारावी करून जाणाऱ्याएवढाच, तीन अधिक तीन. किमान पात्रता दहावी पास, पण पुण्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात चांगली शाखा हवी असेल तर गुण भरपूर लागतात. याचा अर्ज तंत्रशिक्षण संचालनालयाकडे वेगळा भरायचा असतो. अकरावीचा अर्ज भरला की डिप्लोमाचाही झाला, असं समजून बसलेली दोन घरं मला माहीत आहेत.

डिप्लोमा कोणी घेऊ नये तेही सांगते. आयआयटी डोक्यात असेल किंवा इंजिनिअरिंगबद्दलच शंका असेल तर नको. डिप्लोमावरून दुसऱ्या क्षेत्रात वळणं बारावीपेक्षा अवघड जातं.

आयटीआयमध्ये फिटर, इलेक्ट्रिशियन हे दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. औंधला सरकारी आयटीआय आहे. तिथूनही दोन वर्षांच्या कोर्सनंतर पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जायची वाट आहे. चाकण-भोसरीच्या पट्ट्यात हात चालणाऱ्या माणसाला काम मिळतं, हे पुण्यात तरी वेगळं सांगायला नको.

पायरी ६. शाखा ठरली, आता विषयांच्या जोड्या

इथे लोक घाईत फसतात, कारण हा रकाना प्रवेशाच्या दिवशी खिडकीपाशी उभं राहून भरला जातो.

सायन्सला मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही ठेवायचं की एक सोडायचं? खरोखर दोन्हींकडे ओढा असेल तर ठेवा. नुसती भीती म्हणून ठेवलं तर चारही विषय अर्धे राहतात. बायफोकल म्हणजे द्विलक्ष्यी विषय (इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर सायन्स वगैरे) २०० गुणांचा असतो आणि तो दुसरी भाषा व आणखी एका विषयाच्या जागी येतो. इंजिनिअरिंग नक्की असेल तर सोयीचा, पण घेण्याआधी त्याच्यामुळे तुमचा कोणता विषय जातोय ते विचारा. भाषेऐवजी आयटी घेतात ते बहुधा गुणांसाठी, त्यात गैर काही नाही. जर्मनचंही तेच. मात्र "स्कोअरिंग आहे" म्हणून शून्यापासून जर्मन घेणाऱ्याने शाळेत ती शिकलेली मुलंही त्याच वर्गात असतात हे धरून चालावं.

कॉमर्सला प्रश्न एकच: मॅथ्स की एसपी? सेक्रेटरियल प्रॅक्टिस सोपी म्हणून बहुतेक तिकडे जातात. पण सीए फाउंडेशनच्या एका पेपरात गणित आणि सांख्यिकी आहे, आणि अर्थशास्त्रातही पुढे ती लागते. दहावीला गणित बरं असेल तर सोडू नका.

पायरी ७. कॉलेज आणि क्लास

२०२५-२६ पासून अकरावीची ऑनलाइन प्रक्रिया राज्यभर एकच झाली. पुणे-पिंपरी चिंचवडकरांना ती आधीपासून सवयीची होती. अर्जाचे दोन भाग असतात: पहिल्यात वैयक्तिक माहिती, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम, जास्तीत जास्त दहा. नियम दरवर्षी थोडे हलतात, म्हणून त्या वर्षीचं वेळापत्रक संकेतस्थळावरच वाचा, व्हॉट्सॲपवर फिरणारं नको. पण हे सापळे जुनेच आहेत:

- पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव जातं. "बघू या लागतंय का" म्हणून पहिल्या क्रमांकावर काहीही टाकू नका.
- एकाच कॉलेजात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित तुकड्यांचे कोड वेगळे असतात, आणि फीमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. कॉलेजचं नाव पाहून नव्हे, कोड पाहून टिक करा.
- गेल्या वर्षीचा कटऑफ पाहून यादी तीन भागांत करा: थोडी वरची, आपल्या गुणांची, आणि हमखास लागणारी. दहाही वरचीच टाकणारे शेवटच्या फेरीत भेटतात.
- पसंतीक्रम भरण्याआधी एकदा सकाळी सातला घरून निघून कॉलेजपर्यंत बसने जाऊन या. धायरीहून शिवाजीनगर नकाशावर जवळ दिसतं. आम्ही जाऊन आलो आणि यादीतला तिसरा क्रमांक पाचवर गेला.

आता क्लास. "इंटिग्रेटेड" म्हणजे दिवसभर क्लासमध्ये बसायचं आणि कॉलेजात फक्त नाव. थोरलीसाठी आम्ही एका क्लासला दोन वर्षांचे दोन लाख दहा हजार एकरकमी भरले, कारण "आज भरलंत तर वीस हजार कमी" होतं. चौथ्या महिन्यात तिला नको झालं. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात "कोणत्याही कारणास्तव परत मिळणार नाही" छापलेलं निघालं. म्हणून हप्त्यांनीच भरा, पावतीची मागची बाजू पैसे देण्याआधी वाचा, आणि प्रात्यक्षिकं कुठे होणार, हजेरी कुठे लागणार हे लेखी घ्या. पहिला आठवडा मुलाला नुसतं बसू द्यायला जो क्लास तयार नाही तो सोडून द्या.

पायरी ८. कागदपत्रं

यातली निम्मी निकालाच्या आधी करता येतात. निकालानंतर सेतूत आणि महा ई-सेवा केंद्रांत पाय ठेवायला जागा नसते.

- दहावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला
- आधार कार्ड, पासपोर्ट आकाराचे फोटो
- लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) प्रमाणपत्र
- उत्पन्नाचा दाखला (शिष्यवृत्ती आणि फी सवलतीसाठी)
- वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र (बारावीनंतर राज्याच्या कोट्यासाठी लागतं, आत्ताच काढून ठेवा)
- दुसऱ्या मंडळातून किंवा राज्यातून आलेल्यांसाठी स्थलांतर प्रमाणपत्र

दोन गोष्टी नीट पाहा. नॉन-क्रिमीलेअरवर "वैध" पुढे ३१ मार्च कोणत्या वर्षाचा आहे ते वाचा. आणि दाखल्यावरचं नाव, आधारवरचं नाव, गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. दाखल्यावर आमच्या धाकट्याच्या वडिलांचं नाव एका वेलांटीने चुकलं होतं. दहावीचा फॉर्म भरण्याआधी लक्षात आलं म्हणून शाळेत एका अर्जावर निभावलं. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर चुकलं असतं तर शाळा, मग विभागीय मंडळ, आणि मधले सगळे हेलपाटे.

व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या आरक्षित प्रवर्गातल्या मुलांनी जात वैधतेचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत करावा. सीईटीचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्यांचे चेहरे मी पाहिलेत.

पायरी ९. चुकलं असं वाटलं तर

अकरावीचे पहिले दोन महिने डोळे उघडे ठेवा. अभ्यास अवघड जाणं वेगळं, नको होणं वेगळं. अवघड जात असेल तर मूल चिडतं, रडतं, पण वही उघडतं. नको झालं असेल तर गप्प होतं, जेवण पटकन उरकतं, रविवारी संध्याकाळी डोकं दुखतं. थोरलीचं हेच चाललं होतं आणि मी तिला चष्म्याचा नंबर तपासायला घेऊन गेले!

शाखा बदलायची तर दुसऱ्या शाखेत जागा रिकामी असावी लागते आणि शिक्षण खात्याने दिलेली मुदत पाळावी लागते. म्हणून शंका आली की गणपतीच्या आत कॉलेजच्या ऑफिसात जाऊन विचारा, प्राचार्यांच्या नावे लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर पोच घ्या. आम्ही दिवाळीची सुट्टी संपल्यावर गेलो. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे न पाहता थोरलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बाळा, सप्टेंबरात का नाही आलीस?"